नुसताच ताप

भाचीला मामाच्या पेशंटांचं रक्त हवं होतं आणि मामा ते द्यायला तयार नव्हता. भांडणाचं मूळ एवढंच. पण दोघंही वाचणारी, त्यामुळे ते पेरूतल्या डोंगरांपासून नागपूरपर्यंत फिरून आलं.

मामा माझा शाळेपासूनचा मित्र. भिवंडीत कामतघरच्या बाजूला त्याचा दवाखाना आहे. पेशंट कोण, तर लूमवर पाळीनं काम करणारे उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार, पद्मानगरातली तेलुगू विणकर कुटुंबं, आसपासच्या गावांतले आगरी शेतकरी, आणि आजार फारच वाढला की पाड्यांवरून येणारे कातकरी. भाची पुण्याला सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करते. रविवारी दुपारी दवाखाना बंद असताना ती फॉर्म घेऊन आली. मी चहाच्या निमित्तानं बसलो होतो. पंच म्हणून मला कुणी नेमलं नव्हतं, तरी ऐकता ऐकता मी दोनदा बाजू बदलली.

"विषय काय म्हणालीस?" मामानं फॉर्म चाळत विचारलं.

"वाळूमाशीमुळे होणारे ताप. माझं सगळं वाचन बार्टोनेला बॅसिलिफॉर्मिस या जिवाणूवर झालंय. त्यानं होतो तो कारिऑनचा रोग."

"कुठे होतो?"

"पेरूत. थोडा इक्वाडोर, कोलंबियात. अँडीजच्या खोऱ्यांत."

"आणि कामतघरला?"

"नाही होत."

"मग माझ्या पेशंटच्या दंडाला सुई कशाला, बाय?"

इथे खरं तर बोलणं संपायला हवं होतं. पण भाची तयारीनं आली होती. म्हणाली, "जंतू तिकडचा आहे, पण माशीचं कुळ इकडेही आहे. तिकडे लुत्झोमिया, आपल्याकडे फ्लेबोटोमस. तिकडे ती जिवाणू पसरवते. इकडे बिहारमध्ये काळाआजाराचा परजीवी, आणि महाराष्ट्र, आंध्र, गुजरातेत चांदीपुरा विषाणू. तुझ्याकडचे बिहारी पेशंट तिला बालू मक्खी म्हणतात, विचारून बघ."

ही माशी म्हणजे दोन-तीन मिलिमीटरचा केसाळ जीव. डासाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, बसताना पंख उभे धरणारी, लांब न उडता टुणटुण उड्या मारत भिंतीनं सरकणारी. गुणगुणत नाही, त्यामुळे चावेपर्यंत कळत नाही. साध्या मच्छरदाणीच्या भोकातून आत शिरते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिला अंडी घालायला पाणी लागत नाही. ओलसर माती, शेण, पालापाचोळा, भिंतीची भेग पुरते. हे शेवटचं पुढे कामाला येणार होतं, तेव्हा मात्र मी ते नुसतं ऐकून सोडलं.

मामाला माशीत रस नव्हता. रेल्वेचा विषय निघाल्यावर तो सरसावून बसला. 1870 च्या सुमारास पेरूत लिमाहून ओरोयाकडे डोंगर फोडून रेल्वे नेत होते. खोऱ्यातल्या जुन्या रहिवाशांना ठाऊक होतं की काही ठिकाणी रात्री झोपायचं नाही. बाहेरून आणलेल्या मजुरांना हे कोण सांगणार? ते कामाच्या जागीच छावण्यांत झोपले आणि हजारोंनी मेले. आधी ताप, मग अंगातलं रक्त जणू आटून गेल्यासारखा पांढरेपणा, कारण हा जिवाणू थेट तांबड्या पेशींत घुसतो आणि त्या फुटत जातात. उपचार झाले नाहीत तर या टप्प्यात शंभरातले 40 ते 88 दगावतात, असं जुन्या नोंदी सांगतात. जे वाचतात त्यांच्या अंगावर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी लालबुंद गाठी येतात. त्या गाठींना तिथे व्हेरुगा म्हणतात. रेल्वेच्या मार्गात एका दरीवर मोठा पूल आहे, त्याचं नावही व्हेरुगासच पडलं होतं.

"म्हणजे बाहेरून आलेला मजूर आणि रात्री झोपायची जागा," मामा म्हणाला. "हे मला कळतं. माझ्याकडे एका खोलीत दहा-बारा जण पाळीपाळीनं झोपतात. एक उठला की त्याच्याच चादरीत दुसरा."

"हो ना. आणि तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं की ताप आणि गाठी हा एकच रोग आहे. दोन वेगळे वाटायचे. ते डॅनियल कारिऑननं ठरवायचं मनावर घेतलं. मेडिकलचा विद्यार्थी, वय 28. 1885 च्या 27 ऑगस्टला त्यानं लिमाच्या हॉस्पिटलमधल्या एका पोराच्या गाठीतलं रक्त स्वतःच्या दंडात टोचून घेतलं. तीन आठवड्यांनी ताप चढला. शुद्ध होती तोपर्यंत तो लक्षणं लिहीत राहिला. 5 ऑक्टोबरला गेला. रेल्वेवरच्या त्या तापानंच, ओरोयाच्या तापानं गेला, म्हणजे दोन्ही एकच. आजही पेरूत तो दिवस वैद्यकाचा दिवस म्हणून पाळतात."

मामा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "त्यानं निदान स्वतःच्या दंडात टोचून घेतलं. तुम्ही दुसऱ्याच्या दंडातून काढता."

मला वाटलं, आता ही रडेल तरी किंवा उठून जाईल. पण तिनं उलट डाव टाकला. "आणि त्यानं जीव दिला म्हणून काय झालं? पुढे 1909 मध्ये अल्बर्टो बार्टन या पेरूच्याच डॉक्टरनं रक्तातला जंतू दाखवला. तरी 1913 मध्ये हार्वर्डहून मंडळी आली आणि रोग दोन आहेत असा निकाल देऊन गेली. त्यांनीही एका माणसाला गाठीतलं टोचलं होतं. त्याला फक्त गाठी आल्या, ताप नाही. मग 1926 च्या सुमारास हिदेयो नोगुची या जपानी शास्त्रज्ञानं न्यूयॉर्कमध्ये जंतू वाढवून दाखवून दिलं, की दोन्ही रोगांत तोच आहे. म्हणजे कारिऑन मेल्यावर चाळीस वर्षांनी त्याचं म्हणणं जगाला पटलं. मामा, मला रोग शोधायची हौस नाहीये. कुणाचं म्हणणं नोंदलं जातं आणि कुणाचं नाही, ते बघायचंय."

हे वाक्य तिनं गाइडसमोर नक्की म्हटलेलं असणार, इतकं ते घोटलेलं होतं. पण खोटं नव्हतं. त्या जिवाणूला मारायला आज महाग औषध लागत नाही, क्लोरॅम्फेनिकॉल, सिप्रोफ्लॉक्सॅसिन यांवर भागतं. तरी रोग खोऱ्यांत टिकून आहे. सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा थेंब पाहून तो पुष्कळदा निसटतो, आणि लक्षणं नसलेल्या माणसांच्या रक्तात दबून राहतो. जागतिक आरोग्य संघटनेनं दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांची यादी केली आहे. तीत कुष्ठरोग आहे, काळाआजार आहे, कुत्र्याच्या चाव्याचा रेबीज आहे, सर्पदंशसुद्धा आहे. हा नाही. दुर्लक्षितांत गणती व्हायलाही वशिला लागतो म्हणायचा.

आता मामाची पाळी होती, आणि त्यानं हात घातला तो थेट आपल्या घरच्या रोगाला.

"चांदीपुऱ्याचं सांग. नागपूरला सापडला ना? कधी?"

"1965. चिकुनगुन्या-डेंग्यूची साथ होती. पुण्याच्या तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये, म्हणजे आताच्या एनआयव्हीत, प्रवीण भट्ट आणि रॉड्रिग्ज यांनी दोन तापाच्या पेशंटांच्या रक्तातून वेगळाच विषाणू काढला. वस्तीचं नाव दिलं."

"मग?"

"मग औरंगाबादकडच्या वाळूमाशांतही तो सापडला, 1970 ला ते छापून आलं."

"मग?"

भाची थांबली. मामा तिला पुरता ओळखून होता.

"मग काही नाही. बरोबर? विषाणू बाटलीत, नाव पुस्तकात. 2003 मध्ये आंध्रात पोरं मरायला लागली तेव्हा सगळ्यांना आठवला. किती?"

"329 आजारी, 183 गेली. जून ते सप्टेंबर."

"आणि 2024 ला, गुजरातेत आला तेव्हा?"

"देशभरात मिळून जूनपासून 15 ऑगस्टपर्यंत मेंदूज्वराचे 245, त्यांतले 82 दगावले. 64 मध्ये चांदीपुरा पक्का सापडला."

"1965 पासून मोज. औषध नाही, लस नाही. एका वस्तीचं नाव तेवढं जगभर गेलं. मग मला सांग, माझ्या पेशंटच्या रक्तातून अजून एक नाव काढून तू काय करणार? 2022 मध्ये इथे गोवर आला. मुंबईत, मालेगावात, भिवंडीत. पोरं दगावली राज्यात. गोवराची लस 1963 पासून आहे. संशोधन होऊन साठ वर्षं झालेल्या रोगानं पोरं मेली. टीबीची तीच गत. लूमच्या शेडमध्ये कापसाचा भुगा छातीत जातो, खोकला सगळ्यांनाच, त्यात टीबी कोणता ते कळायला महिने जातात. तुला पैसे मिळतात त्यात दोन नर्स येतील. मला त्या दे."

इथे मी पहिल्यांदा बाजू बदलली. मामाचं म्हणणं तर्कानं तोडण्यासारखं नव्हतं. गरिबांच्या रोगावरचं संशोधन पुष्कळदा गरिबांच्या नावानं होतं आणि संशोधकाच्या नावावर संपतं, हे उघड गुपित आहे.

भाचीनं टेबलावरचं रजिस्टर ओढलं. मामाचं तापाचं रजिस्टर. बोट फिरवत ती एकेक ओळ वाचत गेली. "ताप. ताप, अंगदुखी. ताप, उलटी. ताप. ताप. मामा, हे काय आहे?"

"ताप आहे."

"कसला?"

"पावसाळ्यातला. डेंग्यूची शंका असली तर पांढऱ्या पेशी, प्लेटलेट बघतो. तीन दिवस उतरला नाही तर डॉक्सिसायक्लिन देतो. लेप्टो असो की स्क्रब टायफस, दोन्हीला डॉक्सी चालतं. पेशंटची दिवसाची मजुरी बुडते, बाय. नाव शोधायला सातशे रुपयांच्या चाचण्या लिहून दिल्या तर तो परत येत नाही, भोंदू डॉक्टरकडे जातो आणि सलाईन लावून घेतो. नाव न कळता बरा झाला तर माझं काय जातं?"

खाजगी दवाखान्यात बसणाऱ्या माणसाचं याहून प्रामाणिक बोलणं मी ऐकलेलं नाही. मोठ्या हॉस्पिटलात निदान आधी, औषध नंतर. कामतघरला उलटं. डॉक्सी हेच निदान.

"मोठा माणूस बरा होईल," भाची म्हणाली. "पण चांदीपुरा मुख्यतः पंधरा वर्षांखालच्या पोरांना होतो. सकाळी ताप, दुपारी झटके, पुष्कळांचा 24 ते 48 तासांत खेळ संपतो. डॉक्सी त्याला काही करत नाही. तू म्हणालास औषध नाही, मग नाव कशाला? नाव औषधासाठी नाही. फवारणी कुठे मारायची त्यासाठी."

मामानं मान वर केली.

"डेंग्यू म्हटला की महापालिकेची माणसं काय करतात? ड्रम उलटे करतात, टाक्या झाकतात, फुलदाण्या बघतात. बरोबरच आहे, डेंग्यूचा एडिस डास पाण्यात वाढतो. पण वाळूमाशी असेल तर ड्रम रिकामा करून काहीही होत नाही. ती भिंतीच्या भेगेत आहे, तबेल्याच्या कडेच्या शेणात आहे, पाड्यावरच्या कुडाच्या भिंतीत आहे. भिंतीवर सहा फुटांपर्यंत फवारा मारायचा, भेगा लिंपायच्या, गुरं झोपायच्या जागेपासून लांब बांधायची. तू रजिस्टरात नुसता ताप लिहिलास, की सगळं गाव ड्रम उलटे करत बसतं. आणि हे काही नवीन नाही. मलेरियासाठी 1950-60 च्या दशकांत घरोघर डीडीटी मारलं तेव्हा त्याच फवाऱ्यानं बिहारमधला काळाआजार जवळजवळ नाहीसा झाला, कुणी ठरवून केलं नव्हतं तरी. फवारणी थांबली, सत्तरच्या दशकात तो परत आला."

मामा उठून खिडकीशी गेला. दवाखान्याच्या मागे एक तबेला आहे, म्हशी रवंथ करत उभ्या असतात. तो काय बघत होता ते मी विचारलं नाही.

"पण इथे सापडलाय का चांदीपुरा? खरं सांग."

"शोधलंय कुणी? पद्मानगरातली घरं मूळची कुठली?"

"करीमनगर, वारंगळ. तिकडचीच बहुतेक."

"2003 ला साथ कुठे होती? त्याच पट्ट्यात. मेच्या सुट्टीत पोरं गावाला जातात, जूनमध्ये शाळेसाठी परत येतात. बिहारवाला छठला गावी जातो, लग्नसराईत जातो, परत येतो. काळाआजाराचा ताप तर महिनोन्‌महिने रेंगाळतो, प्लीहा वाढते, माणूस काळवंडतो. तुझ्याकडे असा माणूस आला तर तू त्याला आधी टीबी समजशील."

"समजेन," मामा म्हणाला. त्याला यात कमीपणा वाटला नाही. "टीबीच निघतो बहुतेक वेळा."

"पण 'गावाहून कधी आलात' हा प्रश्न तुझ्या रजिस्टरात नाही."

मी दुसऱ्यांदा बाजू बदलली ती इथे. भाचीचा मुद्दा चाचणीचा नव्हताच मुळी. एका रकान्याचा होता. भिवंडीसारख्या गावात, जिथे अर्धी माणसं दुसरीकडची आहेत, ताप कुठून आला हे विचारणं ही चैन नाही. पेरूच्या खोऱ्यातल्या लोकांना कुठे झोपू नये ते ठाऊक होतं. ते ज्ञान कागदावर कधी चढलं नाही, म्हणून रेल्वेच्या मजुरांच्या उपयोगी पडलं नाही.

मामानं मात्र अजून हार मानली नव्हती. आता तो व्यवहारावर आला, आणि व्यवहारात मामा पुण्याच्या कुठल्याही गाइडला भारी आहे.

"किती रक्त?"

"तीन मिली. आणि दोन-तीन आठवड्यांनी परत तीन मिली. अँटिबॉडी वाढल्या का ते बघायला दुसरं सॅम्पल लागतंच."

"दुसऱ्या वेळी त्याला शोधणार कुठे? खोली बदलली, सेठ बदलला, ईदला गावी गेला."

"मोबाइल नंबर घेईन."

"नंबर मुकादमाचा असतो."

भाचीनं काहीतरी लिहून घेतलं. मामा पुढे म्हणाला, "बर्फाचं काय? इथे दुपारी लाइट जाते."

"आइसबॉक्स मी आणते. त्याच दिवशी गाडीनं पुण्याला."

"संमतीचा फॉर्म कुठल्या भाषेत?"

"मराठी आणि इंग्रजी."

"हिंदी? उर्दू? तेलुगू? पद्मानगरची आजी मराठी बोलते, वाचत नाही."

"करून घेते."

मग तिनं विषय हलका करायला एक गोष्ट सांगितली. वाळूमाशी काळाआजार पसरवते हे सिद्ध करायला भारतात वर्षानुवर्षं प्रयोग चालले होते, आणि ते पुन्हा पुन्हा फसत होते, कारण प्रयोगशाळेत माशी रक्त पिऊन झालं की लवकर मरायची. अखेर 1940 च्या सुमारास स्मिथ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रक्तानंतर तिला मनुका खायला दिल्या. गोडावर ती तगली, तिच्या पोटात परजीवी वाढले, आणि 1942 मध्ये स्वामीनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी स्वेच्छेनं पुढे आलेल्या माणसांना माशी चावायला लावून काळाआजार होतो हे दाखवलं.

मामाला मनुका फार आवडल्या. "म्हणजे एवढी वर्षं अडलं होतं ते माशी उपाशी मरत होती म्हणून," असं म्हणून तो खदखदून हसला, आणि मला वाटलं, आता सही करणार. त्यानं पेन काढलंही. फॉर्म उलटून शेवटचं पान बघितलं, परत पहिलं बघितलं.

"रिपोर्ट कधी येणार?"

"पीसीआर बॅचनं लावतात. पुरेशी सॅम्पलं जमली की. दोन-तीन महिने."

"मग तो पेशंटचा रिपोर्ट नाही, तुझा आहे. पेशंटचा रिपोर्ट त्याला बरं वाटायच्या आत येतो, नाहीतर त्याच्या कामाचा नाही."

भाची बाहेर जाऊन गाइडशी फोनवर बोलली. बराच वेळ बोलली. आत आली तेव्हा तिच्या हातात रकान्यांची खाडाखोड केलेला कागद होता.

"डेंग्यू, लेप्टो, स्क्रब टायफस, या तिघांचं आठवड्यात देऊ. लहान मुलाला झटके असतील तर सॅम्पल त्याच दिवशी पुढे जाईल आणि तुला फोन येईल. बाकी संशोधनाचं उशिरा."

"पहिल्या पानावर लिही. आणि निगेटिव्ह आलं तरी कळवायचं."

"निगेटिव्ह कळवून काय उपयोग, मामा? त्यावर काही करायचं नसतं."

"तुझ्या दृष्टीनं. पण माणूस विचारायला परत येतो, बाय. आठवडाभरानं दारात उभा राहतो, डॉक्टरसाब, वो खून का क्या हुआ? त्याला मी काय सांगू, पुण्यात आहे?"